पानांचा घाम

त्या घरात उघडं काही ठेवत नसत. पिण्याच्या पाण्यावर झाकण, झाकणावर ओला फडका, फडक्यावर दगड. विहिरीवर पत्रा, हौदावर पत्रा. चहाच्या कपावर बशी. म्हातारा दुपारी आडवा व्हायचा तोही तोंडावर टॉवेल टाकून. थोरली सून धाकटीच्या कानात म्हणायची, "आबा सोडलेला श्वासच परत घेतात गं. वाया घालवत नाहीत."

हसायला ठीक होतं, पण घर त्याच सवयीवर उभं होतं. आजूबाजूच्या विहिरींचे तळ दिसायला लागले तरी यांच्या विहिरीत बादली बुडायची. म्हातारा हे सगळ्यांना सांगायचा. कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

घरात माणसं चार. म्हातारा, थोरला मुलगा, त्याची बायको, आणि धाकटी. धाकटीचा नवरा तापाने गेला होता आणि पदरात मूल नव्हतं, त्यामुळे ती घरात नेमकी कोण, हा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नसे, पण ताट वाढताना तो प्रत्येक वेळी ताटाशेजारी येऊन बसत असे. ओढ्याकाठची खालची पट्टी तिचा नवरा कसायचा. तो गेल्यावर तीच कसत राहिली. थोरल्याला ती पट्टी हवी होती, कारण ती रस्त्याला लागून होती आणि तिथे त्याला ट्रॅक्टर उभा करायला शेड बांधायची होती. ट्रॅक्टर अजून घेतलेला नव्हता.

एका संध्याकाळी या विषयावरून बराच आरडाओरडा झाल्यावर म्हाताऱ्याने निकाल दिला होता.

"एक पीक तुझ्या हाताने काढून दाखव," तो धाकटीला म्हणाला. "व्यापारी बांधावर आला, माल बघितला, उचलून घेऊन गेला, की पट्टी तुझी. तुझ्या नावाचा कागद करून देतो."

"आणि नाही उचलला तर?" थोरल्याने विचारलं.

"तर पट्टी तुझी, आणि ही घरात."

घरात म्हणजे काय हे धाकटीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. घरात म्हणजे चूल, भांडी, गोठा, थोरलीच्या दुखऱ्या पाठीला मालीश, आणि मेल्यावर चार माणसं म्हणणार, कामाची होती हो.

तिने कलिंगड लावलं. बी स्वतः टोचलं, सऱ्या स्वतः ओढल्या, गवत काढून काढून बोटांच्या पेरांना भेगा पाडून घेतल्या. वेल पसरले. फुलं आली, मधमाश्या आल्या, फळं धरली. मुठीएवढी झाली, मग नारळाएवढी. आणि तेव्हाच ऊन चढलं. चढलं म्हणजे सकाळी चूल पेटवायच्या आधीच भिंत गरम लागायला लागली. ओढा आटला होताच. आता म्हाताऱ्याने विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावल्या आणि खालच्या पट्टीची पाळी कमी केली. वरच्या रानाला मात्र नाही. वरचं रान थोरल्याचं.

दुपारी वेल मान टाकायचे. तळहाताएवढी पानं मिटल्या छत्रीसारखी कडेने खाली लोंबायची आणि अख्खी पट्टी कुणी मारून झोडून बसवल्यासारखी दिसायची. ऊन कललं की पानं हळूहळू उठायची. धाकटी दोन्ही वेळा बघत असे. म्हातारा फक्त दुपारी बघायचा.

"मेलं हे," तो म्हणायचा.

"संध्याकाळी उठतं, आबा."

"रोज मरायचं आणि रोज उठायचं. याला काय पीक म्हणतात?"

तो औषधाच्या दुकानात गेला आणि एक पांढरा डबा घेऊन आला. आतलं औषध दुधासारखं दिसायचं आणि त्याला मेणबत्तीचा वास होता. दुकानदाराने सांगितलं होतं की पानावर मारलं की पातळ पापुद्रा बसतो आणि पानाचा घाम बंद होतो. घाम बंद म्हणजे पाणी घरात. म्हाताऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या भाषेत बोलणारं भेटलं होतं. तो डबा त्याने मांडीवर घेऊन आणला. झाकण घट्ट आहे ना हे वाटेत तीनदा बघितलं म्हणे.

योगायोग असा की दुसऱ्याच दिवशी शेतकी खात्यातली बाई फेरीवर आली. तरुण होती. स्कूटर बांधाला टेकवून उतरली तेव्हा तिच्या पाठीवर घामाने पांढरे नकाशे उठले होते. तिने डबा बघितला, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि तोंड वाकडं केलं.

"आजोबा, हे कशाला आणलंत?"

म्हाताऱ्याला आजोबा म्हटलेलं आवडत नसे. "पानाचा घाम बंद करायला."

"घाम बंद केलात तर जेवणही बंद होईल." तिने एक पान उलटं केलं. "खालच्या अंगाला बारीक तोंडं असतात. हजारांनी असतात, नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. ती उघडली की पान हवा आत घेतं. त्या हवेतून आणि उन्हातून त्याचं जेवण तयार होतं. फळात गोडी येते ती तिथूनच. पण तोंड उघडलं की आतलं पाणीही बाहेर जातं. दार एकच आहे. त्याच दाराने जेवण आत, त्याच दाराने पाणी बाहेर."

"मग दोन दारं पाडायची," थोरला म्हणाला आणि स्वतःच हसला.

बाई हसली नाही. "प्रत्येक झाड आपापल्या हवेप्रमाणे हे जमवून घेतं. पाऊसवाल्या रानातलं पान बघा, ताटाएवढं, दिवसभर आ वासून बसलेलं. त्याला पाण्याची काय फिकीर? कोरड्या मुलखातलं पान बारीक, जाड, वर केस, तोंडं खड्ड्यात लपवलेली. निवडुंग तर दिवसभर तोंड मिटून बसतो आणि अंधार पडला की उघडतो. म्हणून तो जगतो, पण वाढतो किती सावकाश? तुमचं कलिंगड भरपूर पिणारं आणि भरपूर खाणारं आहे. पाणी कमी पडलं की दुपारी ते स्वतःच थोडं तोंड मिटतं, पानं खाली घालून ऊन चुकवतं, आणि हवा निवली की परत जेवायला बसतं. ते मरत नाही, आजोबा. ते सांभाळून घेतंय."

धाकटी बांधावर बसून ऐकत होती. सांभाळून घेतंय, हे तिला एवढं पटलं की तिने मान खाली घातली.

"मग आम्ही काय, बघत बसायचं?" म्हातारा म्हणाला.

"माती झाका. पालापाचोळा टाका, काड टाका, जुनी पोती टाका. मातीतून फुकट जातंय ते पाणी वाचवा. पान झाकू नका."

"पैसे मोजलेत डब्याचे."

बाईने हात टेकले. "मारायचंच झालं तर अगदी पातळ करून, वरून, हलका हात फिरवा. खालच्या अंगाला अजिबात नको. तिकडेच तोंडं आहेत."

ती गेली. स्कूटरचा आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत म्हातारा उलटं केलेलं पान हातात धरून उभा होता. मग तो थोरल्याकडे वळला. त्याचे डोळे चमकत होते.

"ऐकलंस ना? भोक कुठे आहे ते तिनेच सांगितलं. खालच्या अंगाला. दुकानदार गाढव, वरून मारा म्हणतो. पिंप तळाला गळत असेल तर वरून बूच मारतात का?"

"आबा," धाकटी म्हणाली, "त्या नको म्हणाल्या खाली."

"तिचं पाणी नाही जात."

"पण जेवण बंद होईल म्हणाल्या."

"चार दिवस जेवण कमी झाल्याने कुणी मरत नाही. तू मेलीस का?"

थोरली सरीत वाकून गवत उपटत होती. ती उपटायची थांबली, धाकटीकडे बघितलं, आणि परत उपटायला लागली. धाकटीने तोंड मिटलं.

फवारणी दुसऱ्या दिवशी सकाळीच सुरू झाली. औषध पातळ करा असं डब्यावर लिहिलं होतं, ते म्हाताऱ्याने केलं नाही. पाणी घालायचं आणि तेही पाणी वाचवण्याच्या औषधात, हे त्याच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. पंप थोरल्याच्या पाठीवर. म्हातारा मागून लक्ष ठेवायला. आणि वेल उलटायला धाकटी.

वेल उलटायचा म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही. कलिंगडाचा वेल जमिनीवर लोळलेला असतो. त्याच्या खालच्या अंगाला फवारा पोचवायचा तर सरीत उकिडवं बसून, दोन्ही हात वेलाखाली घालून, एकेक फाटा उचलून हातावर आडवा धरायचा, पानं आकाशाकडे उताणी करायची. वेलाला बारीक काट्यांसारखी कूस असते. ती कातडीत शिरते. थोरला पुढे सरकला की फाटा खाली ठेवायचा, फळाचा देठ पिळला नाही ना बघायचं, दोन पावलं सरकायचं, परत हात घालायचे. फवाऱ्याचे थेंब तिच्या बोटांवर पडायचे आणि वाळले की डिंकासारखी कातडी ओढायचे.

"नीट धर, नीट," थोरला म्हणायचा. "बाळ धरल्यासारखं धर. नाही, तुला काय माहीत म्हणा."

धाकटीने फाटा खाली ठेवला. सावकाश ठेवला, कारण त्याला फळ होतं.

"भाऊजी, परत म्हणा."

"अगं, गंमत केली."

"तू गप रे," म्हातारा म्हणाला. एवढाच न्याय त्या दिवशी मिळायचा होता. तिने पुढचा फाटा उचलला.

तिला राग आला होता, पण त्या रागाची गंमत अशी की तो दरवेळी फिरून तिच्यावरच येत होता. पट्टी तिची होऊ घातलेली, पीक तिचं, आणि वेलाचा जीव गुदमरवायला हातही तिचेच. नको म्हणावं तर पाणी बंद. पाणी बंद तर पीक गेलं, पीक गेलं तर पट्टी गेली. कुठूनही चालायला लागलं तरी म्हाताऱ्याच्या खाटेपाशी येऊन वाट संपायची.

शेवटची ओळ झाली तेव्हा तिला दोन्ही गुडघे सरळ करता येईनात. थोरलीने हात देऊन उठवलं.

"धाकटे, तुझे हात बघ. कोपरापर्यंत पांढरे."

"निघेल."

"मीठ लावून घास. आणि बोलत जा गं जरा. नुसती नको म्हणतेस आणि गप बसतेस. असल्या नकोला या घरात कोण विचारतं?"

"तुम्ही काय मोठ्या बोलता, ताई?"

"माझी पाठ बोलते," थोरली म्हणाली. "ती दुखली की मला उठावं लागत नाही. प्रत्येकीचं काहीतरी असतं."

आणि मग चमत्कार झाला. दुपार झाली, ऊन डोक्यावर आलं, आणि वेलांनी मान टाकली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आसपासच्या रानात वेल चिंधीसारखे पडलेले, आणि खालच्या पट्टीत पानं तेल लावल्यासारखी चमकत ताठ उभी. रस्त्याने जाणारे थांबायला लागले. म्हाताऱ्याने खाट उचलून बांधावर आणली आणि दुपारची झोप सोडली. येईल त्याला तो पान उलटं करून दाखवायचा.

"सगळे वरून मारतात," तो सांगायचा. "आम्ही खालून मारलं. डोकं लागतं."

धाकटीलाही वाटलं, आपणच चुकलो. तिला तसं वाटायला फार कष्ट पडत नसत. पण एका दुपारी पोतं उचलताना तिचा दंड एका पानाला लागला आणि तिने हात झटकन मागे घेतला. पान गरम होतं. कोमट नाही, तव्याशेजारी ठेवलेल्या डब्यासारखं गरम. ती बांध ओलांडून शेजारच्या रानात गेली आणि तिथलं मान टाकलेलं, मरगळलेलं पान तळहातात घेतलं. ते गार होतं. परत आली. हे गरम. घाम येणाऱ्याचं अंग गार राहतं, हे तिला नवऱ्याच्या आजारपणात कळलं होतं. शेवटच्या दिवशी त्याला घाम यायचा थांबला होता आणि घरातले म्हणाले होते, चला, बरं वाटतंय त्याला.

त्या दिवसापासून तिने फळांकडे बघायला सुरुवात केली. फळं वाढायची थांबली होती. साल मोठ्या माणसासारखी कडक होत होती आणि आकार पोरासारखाच. काही पानांच्या कडा कागद जळावा तशा तपकिरी झाल्या होत्या. मध्ये हिरवीगार, कडा जळलेल्या.

"आबा, फळ भरत नाहीये."

"पान बघ, पान," म्हातारा खाटेवरून म्हणाला. "पान असं असताना फळ कुठे जाईल?"

तिने घरातली जुनी पोती, गोधड्यांच्या चिंध्या, वाळलेलं गवत, मिळेल ते आणून वेलांच्या मुळाशी अंथरलं. बाईने सांगितलेली एवढीच एक गोष्ट तिला म्हाताऱ्याला न विचारता करता आली, कारण ती झाकायची गोष्ट होती. म्हातारा खूश झाला. पापुद्रा काढता येतो का तेही तिने एका वेलावर बघितलं. साबणाच्या पाण्यात फडका बुडवून पान पुसलं, तर पापुद्र्याबरोबर पानही फाटलं. तिने फडका पिळला, ते पाणी मुळाशी ओतायचं की नाही ते तिला कळेना, आणि ती सरीत बसून त्या फडक्याला शिव्या देत राहिली. तिला बऱ्याच येत होत्या. घरात कुणाला माहीत नव्हतं.

व्यापारी आला तो टेम्पो घेऊनच आला, कारण पट्टीची कीर्ती त्याच्यापर्यंत पोचली होती. जाड माणूस, खिशाला सुरी. बांधावर उभा राहून त्याने पट्टीकडे बघितलं आणि म्हणाला, "वा!"

म्हातारा खाटेवरून उतरला. थोरलाही आला. थोरली चहा घेऊन आली, कपांवर बश्या. धाकटी सरीत उभी राहिली. पुढे ये असं तिला कुणी म्हटलं नाही, आणि व्यापाऱ्याने एकदाही तिच्याकडे बघितलं नाही.

व्यापारी वाकला. फळाला बोटाने टिचकी मारली, कान लावला. दुसऱ्याला मारली. तिसऱ्याला मारताना त्याच्या चेहऱ्यावरचं वा गेलं होतं. मग त्याने एक फळ तोडलं आणि सुरी घातली. आत गुलाबी म्हणावा असा रंग. त्याने फोड तोंडात टाकली, दोनदा चावली, आणि वळून सरीत थुंकली. धाकटीच्या पायाशी.

"पाणी आहे," तो म्हणाला.

"पाणी असणारच," म्हातारा म्हणाला. "राखलंय आम्ही."

"आजोबा, पाणी मला घरी नळाला येतं." त्याने दुसऱ्या ओळीतलं कापलं, तिसऱ्या ओळीतलं कापलं. थुंकला, थुंकला. "साखर कुठाय? वेल असे पहिलवानासारखे उभे आणि फळात दम नाही. काय खाऊन उभे आहेत हे?"

त्याने सुरी पुसली. चहा उभ्याउभ्या प्यायला, बशी थोरलीच्या हातात दिली. टेम्पो रिकामा वळला. तेवढ्या वेळात रस्त्यावर थांबलेली दोनचार माणसं पांगली, आणि पांगतानाही मागे वळून बघत राहिली.

थोरला पहिल्यांदा बोलला. "झालं. उचलला नाही."

म्हाताऱ्याने कापलेल्या फळाच्या दोन फोडी उचलून एकमेकींवर बसवल्या.

"तुम्हीच म्हणाला होतात, आबा. उचलला नाही तर पट्टी माझी."

"वेलांना मी बूच मारलं नव्हतं," धाकटी म्हणाली.

"वेल तूच धरून दिलेस," थोरला म्हणाला. "एकेक फाटा. मी काय जबरदस्तीने धरायला लावला? पीक तुझ्या हाताने काढायचं ठरलं होतं. काढलंस तुझ्या हाताने."

हे सरळ खोटं नव्हतं. खोटं असतं तर तिला उत्तर सापडलं असतं.

ती रात्रभर जागी राहिली नाही. ती झोपली, आणि उठली तेव्हा राग तिच्याआधी उठून बसला होता. ती पट्टीत गेली. आणि तिथे, रोज डोळ्यांसमोर असून न बघितलेली एक गोष्ट तिला दिसली. वेलांची टोकं पुढे सरकली होती. टोकांना नवी पानं आली होती, फिकी, लवदार, चमक नसलेली. फवारणीनंतरची. त्यांच्याजवळ उशिरा धरलेली फळं होती, लिंबाएवढी, काही पेरूएवढी. तिने नवं पान गालाला लावलं. गार होतं. ही पानं जेवत होती. ही जेवली तर मागाहून धरलेली फळं भरतील. सगळी नाही. पण एक टेम्पो कुठला ना कुठला वळून येईल एवढी.

मागून पंपाच्या पट्ट्याची कडी वाजली.

म्हातारा होता. पंप स्वतःच्या पाठीवर घेऊन, एका बाजूला कलत. मागे थोरला.

"ही टोकं राहिली होती," म्हातारा म्हणाला. "इथूनच गेलं सगळं. सगळं बंद केलं आणि इथे उघडं राहिलं. म्हणून फळ उतरलं नाही. काल माझ्या लक्षात आलं."

"आबा, नका मारू."

"वेल उलट."

"नाही."

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं. तिने आजवर नको म्हटलं होतं. नाही म्हटलं नव्हतं.

"मग बाजूला हो. मी उलटतो."

ती बाजूला झाली नाही. ती सरीत खाली बसली, मांडी घालून, आणि हाताला येतील तेवढी वेलांची टोकं ओढून मांडीत घेतली. इकडच्या ओळीची, तिकडच्या ओळीची. त्यावर पदर टाकला, पदरावर दोन्ही हात पसरले आणि वाकून बसली.

"ऊठ," म्हातारा म्हणाला.

"नाही उठत."

"आबा, थांबा, मी ओढून काढतो तिला," थोरला पुढे आला.

"हात लावायचा नाही," म्हातारा म्हणाला. तो थोरल्याला म्हणाला, पण त्याच दमात त्याने दांडा हलवायला सुरुवात केली. दोन थेंब पडले की उठेल, असं त्याला वाटलं असावं. या घरात बायका दोन थेंबांत उठत आल्या होत्या.

फवारा तिच्या हातांवर पडला. मग दंडावर, मानेवर, केसांवर. पहिल्यांदा गार वाटलं, खरं सांगायचं तर बरंच वाटलं. म्हातारा दांडा हलवत राहिला. त्यालाही आता थांबता येईना. थांबला असता तर त्याचा अर्थ काहीतरी झाला असता. फवारा तिच्या तोंडावर आला. तिने डोळे मिटले, ओठ आवळले.

ऊन होतंच. औषध वाळायला लागलं. कातडी ओढली गेली, कपाळावर, गालांवर, मनगटाच्या आतल्या बाजूला. मग उष्मा चढला. बाहेरून नाही, आतून. घाम कुठेतरी निघाला होता आणि त्याला वाट मिळत नव्हती. तिचे कान वाजायला लागले.

पंप घरघरला आणि रिकामा झाला.

"संपलं?" तिने विचारलं. ओठ एका कडेला चिकटले होते, म्हणून शब्द वाकडा आला. "दुसरा भरून आणा. मी आहे इथे."

म्हातारा दांडा हातात धरून उभा.

"नाही तर हात लावून बघा. पान किती तापतं ते तुम्ही बघितलं नाहीत. खाटेवर बसून दिसत नाही ते. लावा हात, आबा."

त्याने लावला नाही. वादावादी ऐकून थोरली आली होती, कणीक हाताला तशीच. तिने कुणाला विचारलं नाही. ती सरळ सरीत उतरली आणि धाकटीच्या मानेला हात लावला, आणि काढला.

"आबा, चटका बसतोय," ती म्हणाली. "भाजतेय ही."

म्हाताऱ्याने पंप पाठीवरून उतरवला. उतरवताना त्याचा तोल गेला, थोरला धरायला धावला, म्हाताऱ्याने त्याचा हात झिडकारला.

"घरी जा," तो धाकटीला म्हणाला. आवाज खाली आला होता. "अंग धुऊन घे. लागेल तेवढं पाणी घे."

"आधी वेलांना पाणी सोडा."

"आज वरच्या रानाची पाळी आहे," थोरला म्हणाला.

"आज खालची आहे."

"कुणी ठरवलं?"

"मी."

"अगं, पट्टी आता माझी..."

"भाऊजी, तुम्ही कागद करा, आबा कागद करोत, कुणीही काहीही करो. हा व्यापारी गेला, दुसरा येईल. नाही आला तर पुढचं पीक लावीन. मी घरात येणार नाही. मला इथून उचलून न्यायचं तर उचला. दोघं लागाल. वजन आहे मला."

थोरल्याने बापाकडे बघितलं. बापाने बांधावरच्या आपल्या खाटेकडे बघितलं, ती उचलून पाठीवर घेतली, आणि विहिरीच्या बाजूला चालायला लागला. थोडं चालून थांबला. मागे न बघता म्हणाला, "वरचं पाणी तोड आणि इकडे फिरव."

थोरला हलला नाही.

"बहिरा झालास का?"

मग हलला.

धाकटीने पदर उचलला. मांडीतली टोकं चुरगळली होती, दोन मोडलीही होती. बाकीची कोरडी होती. तिने ती एकेक करून पोत्यांवर परत ठेवली, पानं सुलटी. मग तिने मनगटाजवळ पापुद्र्याची कड नखाने उचकटली आणि ओढली. पापुद्र्याबरोबर हातावरचे केस निघाले, कुठे कातडीही निघाली.

"थांब, तेल आणते," थोरली म्हणाली. "भिजव आधी. असं ओढू नकोस, दुखेल."

"दुखू दे."

आणि ती ओरडली. दात दाबून नाही, कण्हत नाही. तोंड उघडून, पोटातून, रस्त्यापर्यंत जाईल अशी. दुसरा पापुद्रा ओढला, परत ओरडली. तिसरा ओढला. थोरली तेल आणायला गेली नाही. ती तिच्यासमोर मातीत बसली आणि पाठीमागच्या, हात न पोचणाऱ्या जागेवरचा पापुद्रा सोलायला लागली, आणि धाकटी प्रत्येक वेळी ओरडत होती, आणि रस्त्यावर माणसं परत थांबायला लागली होती.